निर्मलाक्कांची मोजपट्टी

निर्मलाक्कांपुढे 'लई' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "आज लई उकडतंय," की त्या विचारणार, "कालच्यापेक्षा किती?" मी एकदा स्टाफरूममध्ये कपाळ धरून बसलो होतो. "डोकं लई दुखतंय अक्का," म्हणालो. त्यांनी चष्मा वर सरकवला. "दहापैकी किती?" मी म्हटलं, "तुम्ही विचारायच्या आधी सहा होतं, आता आठ झालं." त्या हसल्या नाहीत. "म्हणजे दोन माझ्यामुळे," असं म्हणून पर्समधली गोळी काढून हातावर ठेवली.

निर्मला रुद्रय्या हिरेमठ हे त्यांचं पूर्ण नाव. गाव गडहिंग्लजकडचं. घरात कानडी, वडिलांच्या किराणा दुकानात मराठी, असं दोन्हीकडचं बाळकडू. चौऱ्याण्णव साली कोल्हापुरात आमच्या ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला आल्या. लग्न केलं नाही. आईला, म्हणजे त्यांच्या अव्वांना, घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी तेवढा अक्का. मी कृष्णात चौगुले, त्याच कॉलेजात गणित शिकवायचो. मानसशास्त्र म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असं माझं मत होतं, आणि ते मी त्यांना तोंडावर ऐकवलंही होतं. त्यावर त्यांनी फक्त विचारलं, "किती तास वाचलंत सर, हे मत बनवायला?"

त्या वर्षांत गावात व्हिडिओ गेमचं पेव फुटलं होतं. आमच्या कॉलेजच्या मागच्या बोळात बायडाबाईंचं पार्लर होतं. पूर्वी तिथं त्यांच्या नवऱ्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. घरोघरी दुचाक्या आल्यावर सायकल कोण भाड्यानं नेणार? नवरा वारल्यावर बाईंनी सायकली मोडीत काढल्या, गेमची चार मशीनं आणून ठेवली, पुढं निळा पडदा लावला आणि दारात स्टूल टाकून त्या भाजी निवडत बसू लागल्या. माझ्या तासाला वर्गात जेवढी पोरं असायची, त्याहून जास्त त्या पडद्याआड असायची. याचा मला राग यायचा, कारण बायडाबाई काही शिकवत नव्हत्या.

दोन हजार एक साली शिक्षकांच्या बैठकीत प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला. "पोरं वाया गेली! गेमपायी सगळी पोरं वाया गेली!" आम्ही माना डोलावल्या. अक्का उठल्या. "किती गेली साहेब? एकशेऐंशीपैकी किती? आणि वाया गेलं हे ठरवायचं कशावरून?" प्राचार्य म्हणाले, "ते तुमचं शास्त्र. तुम्हीच ठरवा."

त्यांनी ते मनावर घेतलं. धारवाडच्या एका चर्चासत्रातून त्यांनी एका परदेशी प्रश्नावलीची झेरॉक्स आणली. वीस प्रश्न, प्रत्येकाला 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच उत्तरं, एकापासून पाचापर्यंत आकडे. सत्तरच्या वर गेला तो व्यसनी. ती मराठीत आणण्यात अक्कांची दोन वर्षं गेली. आधी स्वतः भाषांतर करायचं, मग इंग्रजीच्या सरांना मूळ न दाखवता ते परत इंग्रजीत करायला लावायचं, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुठं बिघडलं ते बघायचं. 'तुमच्या खोलीतला संगणक' असा एक प्रश्न होता. आमच्या पोरांना स्वतःची खोली नाही, संगणक तर लांबच. 'खेळ थांबवल्यावर अस्वस्थ वाटते का' हे वाचून एका पोरानं विचारलं, "पोटात का मॅडम?" अक्कांनी ते खोडून 'जीव कासावीस होतो का' केलं. एवढ्या चिकाटीचं काम मी आमच्या कॉलेजात दुसरं पाहिलं नाही. त्यावर त्यांना पुढं पीएचडी करायची होती.

आकडेमोड माझ्याकडे होती. बेरजेला सोपं पडावं म्हणून कागदाच्या तळाशी एक चौकट करा, असं मीच सुचवलं. त्या चौकटीत छापलं गेलं: 'एकूण गुण ___ / १००'. सगळा घोटाळा त्या चौकटीनं केला, म्हणजे पर्यायानं मीच केला.

ऑगस्ट दोन हजार तीनमध्ये अकरावीच्या एकशेऐंशी पोरांना कागद वाटले. अक्कांनी वर्गात वचन दिलं, "नाव लिहायचं नाही, फक्त हजेरी क्रमांक. तुमचं उत्तर माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही." वर्ग सुटल्यावर दारातच एक जण दुसऱ्याला विचारत होता, "तुझं किती बसलं?" "एकसष्ट." "हॅट्! माझं अडुसष्ट." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बावीस वर्षं परीक्षा घेऊन घेऊन कान असे बोथट झालेले की त्यात काही वावगंच वाटलं नाही.

मोजपट्टी भरवशाची आहे का ते बघायला दोन आठवड्यांनी तोच कागद त्याच पोरांना पुन्हा द्यायचा असतो. आकडे जवळपास तेच यायला हवेत. आमची सरासरी पहिल्यांदा छप्पन्न आली होती. दुसऱ्यांदा एकोणऐंशी आली. एकशेवीस पोरं सत्तरच्या वर होती. हजेरी क्रमांक एकशेबाराला तर शंभरपैकी सत्त्याण्णव पडले होते.

अक्कांनी दोन्ही खेपांचे तक्ते शेजारी ठेवले. "सर, दोन आठवड्यांत व्यसन एवढं वाढत नाही. दुसरंच काहीतरी वाढलंय. आपला कागदच कुठंतरी चुकतोय. मी शोधून काढेपर्यंत हे दोघांतच ठेवा."

मी हो म्हणालो. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळं कॉलेज जाणतं. त्यातून आयुष्यभराची सवय. घरी बसून मी हजेरीपत्रकावरून क्रमांकांची नावं काढली आणि गुणानुक्रमे सुबक यादी केली. पहिला कोण, दुसरा कोण, हे लावल्याशिवाय मास्तराला झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी प्राचार्यांच्या हातात ती यादी मीच दिली.

संध्याकाळी त्यातली पहिली वीस नावं नोटीस बोर्डावर लागली. वर मथळा: 'व्हिडिओ गेमचे व्यसन असलेले विद्यार्थी'. खाली हुकूम, की सर्वांनी पालकांना घेऊन यावं. आणि पहिल्या क्रमांकाच्या पोराचा दाखला काढून हातात द्यायचा, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल.

अक्का बोर्डासमोर उभ्या होत्या. माझ्याकडं वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चौगुले सर, मी पोरांना शब्द दिला होता." बस्स, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो पहिल्या क्रमांकाचा पोरगा म्हणजे कोडोलीचा पृथ्वीराज. रोज एस.टी.नं यायचा-जायचा. घरात सायन्सला आलेला पहिलाच. गणितात बरा होता, आणि गेमबिमचं लक्षण मला कधी दिसलं नव्हतं. अक्कांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग बाळ, किती खेळतोस?" तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "लिवलंय की मॅडम."

शनिवारी दुपारी अक्का मला बखोटीला धरल्यासारखं बायडाबाईंकडं घेऊन गेल्या. बाई मेथी निवडत होत्या.

"कोडोलीचं पृथ्वीराज?" बायडाबाईंनी जुडी बाजूला ठेवली. "त्ये दोनदा आलतं बघा. कॉइन कुठनं टाकायचा, त्ये मला इचारलं त्यानं. हितली पोरं हसाय लागली. 'ए पावणं, म्हशीलाबी कॉइन टाकून दूध काढताय व्हय?' म्हनाली. गेलं तोंड पाडून."

मला एकदम उजेड पडला. दारात ऐकलेलं 'तुझं किती बसलं' आता नीट कळलं. आमच्या गावात दोन पेठांची पोरं समोरासमोर आली की फुटबॉल असो नाहीतर गणपतीची मिरवणूक, इरेला पडलीच पाहिजेत. शहरातल्यांनी पहिल्या खेपेला साठ-सत्तर घेतले, ते ऐकून एस.टी.नं येणारी खेड्यांतली पोरं पेटली. दुसऱ्या खेपेला त्यांनी मिळून पृथ्वीराजला पुढं काढला, आणि त्यानं सत्त्याण्णव आणून एस.टी.वाल्यांचं नाक वर केलं. आता 'खोटं लिहिलं' म्हणायचं म्हणजे सगळ्यांसमोर हरायचं. शिक्षण सुटलं तरी चालेल, पण ते सत्त्याण्णव तो सोडणार नव्हता.

"पर तुमी भलत्यालाच धरलाय," बायडाबाई म्हणाल्या. "मोजायचंच तर त्या सोमेशला मोजा. हातकणंगल्याचं, चष्मेवालं. सकाळी येतंय त्ये पाचपत्तूर. आईनं दिल्याला डबा न उघडता हितंच इसरतंय." फळीवर स्टीलचे चार डबे ओळीनं ठेवले होते.

सोमेशचे गुण मला पाठ होते. तेवीस. सगळ्या यादीत शेवटचा. मी चुटकी वाजवली. "अक्का, झालं काम! सोमवारी प्राचार्यांना सांगू, खरा व्यसनी हा. पृथ्वीराज सुटला."

"एका पोराला सोडवायला दुसऱ्याचं नाव बोर्डावर लावायचं?" अक्कांनी चारही डबे, घासून परत फळीवर आणून ठेवायला, पिशवीत घातले. "एकदा शब्द मोडला सर. दोनदा नाही."

सोमवारी पृथ्वीराजचे वडील पिराजी आले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, हातात घडी घातलेली नोटीस. दूध डेअरीला घालून पहिल्या गाडीनं आले होते. प्राचार्यांसमोर खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "सायेब, चौथीपत्तूर शिकलो मी. म्हटलं, ह्यो तरी शिकंल. आता गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हायली न्हाय. द्या दाखला. न्हेतो घरला. चार म्हशी हायत, ऊस हाय. राबंल."

"आबा..." पृथ्वीराज म्हणाला.

"लिवलंयस नव्हं सोताच्या हातानं? मग गप."

प्राचार्यांनी कारकुनाला दाखल्याचं पुस्तक आणायला सांगितलं. अक्का पुढं झाल्या. "साहेब, सही करायच्या आधी एक तास द्या. माझा कागद खरा की खोटा, ते मशीनवर बघू."

"मॅडम, कागद खोटा निघाला तर तुमची दोन वर्षं पाण्यात जातील. पीएचडीचं काय?"

"जाऊ देत," अक्का म्हणाल्या. आवाज स्थिर होता, पण त्यांनी साडीचा पदर मुठीत घट्ट धरलेला मला दिसला. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या सख्ख्या भावाचाही कधी वाटला नाही.

मग आमची वरात मागच्या बोळात निघाली. पुढं अक्का, मागं प्राचार्य, पिराजी, पृथ्वीराज, मी, आणि आमच्या मागं पन्नास-साठ पोरं. बायडाबाई ताडकन उठल्या. त्यांना वाटलं, दुकान बंद करायला आले. अक्कांनी समजावल्यावर त्यांनी पुढचं मारामारीच्या गेमचं मशीन मोकळं केलं आणि एक कॉइन पृथ्वीराजच्या हातात दिला. मागच्या मशीनांपुढं आत आणखी एक पडदा होता, तो ओढलेलाच होता.

"खेळ," अक्का म्हणाल्या. "जसा येतो तसा खेळ."

पृथ्वीराजनं दांडा धरला. मशीनच्या काचेवरचा त्याचा पैलवान भिंतीकडं तोंड करून हवेत लाथा मारायला लागला. मागून दुसऱ्यानं येऊन त्याला वीस सेकंदांत आडवा केला.

"मुद्दाम हरतोय," प्राचार्य म्हणाले.

बायडाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सायेब, म्होरं मशीन असताना मुद्दाम हरनारं पोरगं कोल्लापुरात अजून जल्माला यायचंय. आन् खरा खेळनारा बघायचा आसंल, तर तो..."

अक्कांनी पटकन त्यांचा हात दाबला.

"मावशी, आनि एक कॉइन द्या की!" पृथ्वीराज म्हणाला. त्याला आता कुणाचं भान नव्हतं. दाखला, प्राचार्य, बाप, सगळं विसरून त्याला फक्त जिंकायचं होतं. दुसऱ्या डावाला कपाळावर घाम आला. तिसऱ्याला त्यानं दांडा असा ओढला की मशीनच पुढं सरकलं. चौथ्यालाही त्याचा पैलवान भिंतीशीच झुंजून मेला. बाहेरून पोरं ओरडली, "ए सत्त्याण्णव! वळीव की त्येला!" आणि एकच हशा पिकला.

इतका वेळ पिराजी मान खाली घालून उभे होते. त्यांनी हळूहळू मान वर केली. मशीनकडं बघितलं, पोराकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम लख्ख काहीतरी आलं. "हारलं!" ते ओरडले. "सायेब, हारलं की वो माझं पोरगं! ह्येला काय येत न्हाय!" आणि त्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. या गावात बापानं पोराच्या हरण्यावर पिटलेल्या टाळ्या मी तेवढ्याच ऐकल्या.

पृथ्वीराजला हुंदका आला. "खोटं लिवलतं आबा. समदं खोटं लिवलतं." बापानं त्याचं डोकं पोटाशी धरलं.

प्राचार्य माणूस वाईट नव्हते, घायकुते होते. त्यांनी घसा खाकरला. "पण एवढी सगळी पोरं खोटं का लिहितील?"

"पोरांची चूक नाही साहेब," अक्का म्हणाल्या. "आपण खाली शंभरपैकी गुण असं छापलं. कोल्हापूरचं पोर शंभरपैकी कमी कशाला घेईल?"

परत येऊन त्यांनी ती यादी स्वतःच्या हातानं काढली. तिथं एक कागद लावला: 'मोजमाप चुकले. चूक माझी आहे. निर्मला हिरेमठ.' चौकटीची आणि यादीची चूक माझी होती. मी त्या सहीखाली माझी सही केली. तेवढं तरी धैर्य मला झालं, याचं अजून बरं वाटतं.

मग वर्षभर नव्यानं काम. अक्का आता प्रश्न शोधायला धारवाडला गेल्या नाहीत, बोळात बायडाबाईंशेजारी स्टूल टाकून बसल्या. आणलेला डबा न खाता तसाच राहतो का. शेवटची एस.टी. किंवा रेल्वे हुकली का. तालमीत, मैदानावर जायचं बंद झालं का. जवळच्या मित्राशी शेवटचं निवांत कधी बोललास. चौकट गेली, कागदावर छापलेले आकडे गेले, हजेरी क्रमांकही गेला. प्रत्येकानं आपल्या मनाची एक खूण कागदावर काढायची, बैल, फुटबॉल, काहीही, आणि दोन्ही वेळा तीच काढायची. जोडी जुळवता यायची, पण पोर कोण ते आम्हालाही कळायचं नाही.

दोन हजार चारच्या जुलैत तीच पोरं बारावीला होती. कागद वाटायच्या आधी पृथ्वीराज आपणहून फळ्यापाशी जाऊन उभा राहिला. "ह्यात कोन जिंकत न्हाय, कोन हारत न्हाय. खरं लिव्हा. मी खोटं लिवलतं, तर म्हशींमागं जायची पाळी आलती." पोरं हसली, आणि मग खाली मान घालून लिहायला लागली.

या वेळी दोन्ही खेपांचे आकडे जुळले. एकशेऐंशीपैकी व्यसनी अकरा. प्राचार्यांचा जरा हिरमोड झाला. "अकराच?" अक्का म्हणाल्या, "अकरा घरं, साहेब." त्यांनी वर्गात सांगितलं, की दर बुधवारी दुपारी लायब्ररीशेजारच्या छोट्या खोलीत मी बसेन. ज्याला वाटेल त्यानं यावं.

तीन बुधवार कुणी फिरकलं नाही. अक्का रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहायच्या. मी चहा घेऊन जायचो आणि म्हणायचो, "कोण येतंय अक्का, चला घरी." चौथ्या बुधवारी मी चहा ठेवत होतो, तेव्हा दारात सोमेश उभा होता. चष्मा हातात, डोळे सुजलेले. मला बघून परत फिरणार, एवढ्यात अक्का म्हणाल्या, "ये. सर निघालेच आहेत."

मी निघालो. पण दार ओढून घेताना त्याचं बोलणं कानावर पडलंच. "मॅडम, पृथ्वीच्या येळंला मी तिथंच हुतो. पडद्यामागच्या मशीनवर. बायडामावशी माझं नाव घेत हुती, तवा तुमी तिचा हात दाबला. ते मी फटीतनं बघितलं. तवापासनं येऊ येऊ म्हंतोय."

"बस," अक्का म्हणाल्या. "जेवलास का?"

पुढचं मला माहीत नाही, आणि अक्कांनी कधी सांगितलं नाही. सोमेश बारावी सुटला, एवढं निकालात दिसलं. त्या वर्षात सात जण त्या खोलीत येऊन गेले. कुणाकुणाचे चेहरे मी ओळखले, पण यादी केली नाही.